वाटेची चाल

रुद्रय्या मठपतींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वर्तमानपत्राशी भांडत होते. वर्तमानपत्राच्या माणसाशी नव्हे, हातातल्या कागदाशीच. साल १९९४. मी मलकापूरहून कॉलेजसाठी कोल्हापूरला आलो होतो आणि मंगळवार पेठेत त्यांच्या घराची वरची खोली बघायला उंबऱ्यात उभा होतो. माझं नावगाव काही न विचारता त्यांनी कागद माझ्यापुढं धरला.

"पावणं, शिकल्यालं दिसताय. हे वाचा बरं मोठ्यानं."

बातमी दोन ओळींची होती. ज्येष्ठ सनईवादक आण्णासो मिठारी यांचे वृद्धापकाळाने निधन.

"सनई!" रुद्रय्या ओरडले. "आण्णानं जन्मात सनईला हात लावला न्हाय. बँडमास्तर व्हता त्यो, बँडमास्तर!"

आतून त्यांच्या बायको, बसव्वाकाकू, कानडीत काहीतरी कडक बोलल्या. दोघंही गडहिंग्लजकडचे. गोड बोलायचं असलं की मराठी आणि भांडायचं असलं की कानडी, हा घरचा नियम मला खोली घेतल्यावर आठवड्याभरात कळला. मराठी फारशी ऐकू यायची नाही.

त्याच दिवशी ते वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या माणसानं त्यांना चहा पाजला आणि समजूत काढली, "काका, सनई काय न् बँड काय, फुंकायचंच की." हे त्यांना फार झोंबलं, कारण चाळीस वर्षांपूर्वी अगदी हेच वाक्य त्यांनी स्वतःच्या वडिलांना ऐकवलं होतं.

वडील जंगम. गावोगावी मयतापुढं शंख फुंकत, घंटा वाजवत चालायचं, पुढचे विधी करायचे, हे घराण्याचं काम. रुद्रय्या सोळाव्या वर्षी कोल्हापुरात गुळाच्या अडतीत तोलाईला लागले आणि वर्षभरात एका बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायला लागले. वडिलांना म्हणाले, शंख काय न् क्लॅरोनेट काय, फुंकायचंच की. वडील सहा वर्षं बोलले नाहीत.

बँडचं नाव 'न्यू करवीर जाझ बँड'. यातलं करवीर सगळ्यांना कळायचं. जाझ म्हणजे काय, हे मी बँडच्या तीन माणसांना विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. ड्रमवाला बाळासो म्हणाला, "जाझ म्हंजे माझा ड्रम." ट्रंपेटवाला जोतीराम म्हणाला, "जाझ म्हंजे चुकलं तर बी थांबायचं न्हाय." युफोनियम हे पोटाशी धरायचं पितळी वाद्य वाजवणारा आकाराम म्हणाला, "पाटीवर जागा उरलीती."

खरी गोष्ट अशी, की पूर्वी इथल्या एका सिनेमा स्टुडिओत वाजवायला गोव्याहून दुमिंग नावाचा ट्रंपेटवाला आला होता. स्टुडिओ बंद पडला, दुमिंग मास्तर इथंच राहिला. त्याच्याकडं एक ग्रामोफोन आणि जाझच्या आठ-दहा तबकड्या होत्या. आण्णा मिठारी त्याचा चेला. दुमिंग मास्तर आण्णाला सांगायचा, तिकडं अमेरिकेत काळे लोक आपलं मयत बँड लावून पोचवतात. १९५८ साली एका सकाळी दुमिंग मास्तर गेला. कोल्हापुरात त्याच्या नात्याचं कोणी नव्हतं. दुपारपर्यंत आण्णानं एक चाल बसवली आणि संध्याकाळी बँड ती वाजवत दफनभूमीपर्यंत गेला. तिला नाव दिलं नव्हतं. बँडवाले तिला वाटेची चाल म्हणायचे. पुढं पेठेतली कोणी वडीलधारी माणसं गेली की लोक हीच चाल मागायला यायचे. १९९० च्या सुमारास तेही थांबलं आणि चाल फक्त बँडवाल्यांच्याच मयताला उरली.

या चालीचे नियम होते. ती घरात वाजवायची नाही, गुणगुणायचीही नाही. तिची तालीम करायची नाही. पुढं मयत असेल तरच वाजवायची. नवा गडी आला की पहिल्या दोन मयतांना तो वाद्य गळ्यात अडकवून नुसता चालायचा. तिसऱ्या मयताला त्याची जागा त्याला सापडायची, नाही सापडली तर त्यानं जन्मभर लग्नंच वाजवायची. बँडवाल्यांच्या बायकांनी तर ती ऐकायचीसुद्धा नाही. चाल गल्लीच्या तोंडाशी आली की बसव्वाकाकू दार लावून पाट्यावर चटणी वाटायला बसायच्या, मोठ्यानं.

आणि शेवटचा नियम: बँडमधला गडी गेला तर त्याच्या मयताला त्याची जागा दुसऱ्यानं भरायची नाही. तेवढी मोकळी सोडून बाकीच्यांनी वाजवायचं. आण्णा गेले तेव्हा फारसं काही बिघडलं नाही, कारण आण्णा काही वाजवायचे नाहीत, पुढं काठी फिरवत चालायचे. काठी तिरडीवर ठेवली आणि बाकी चाल पूर्ण वाजली.

पण वर्तमानपत्रात आण्णा सनईवाले झाले. चाळीस वर्षं ज्यानं बँड उभा केला तो माणूस दोन ओळींत पुसला गेला, तर आपलं काय, हे रुद्रय्यांच्या डोक्यात बसलं. महिन्याभरात त्यांनी खांद्याला अडकवायचा एक टेपरेकॉर्डर आणला. बसव्वाकाकूंनी तो बघितला आणि त्या दिवशी कानडी जिन्यावरून वर माझ्या खोलीपर्यंत आली.

मग सुरू झाल्या आठवणी. दर रविवारी बँडमधला एकेक म्हातारा यायचा, नाहीतर रुद्रय्या त्याच्याकडं जायचे. त्या कॅसेटी मी नंतर सगळ्या ऐकल्या. इतिहास त्यांत आहे, पण तो शोधावा लागतो. मलकापूरच्या लग्नात नवरदेवाचा घोडा ट्रंपेट ऐकून जो पळाला तो आंब्याच्या घाटाकडं सापडला. लाल कोटाची सोनेरी झालर कोणी कापून सुनेच्या चोळीला लावली, यावर बाळासो आणि आकाराम सबंध एक बाजू भांडलेत. एक बाजू नुसती जिलबीवर आहे. रुद्रय्या मधून मधून गरीब आवाजात म्हणतात, "आरं, आण्णाचं सांगा की." तेवढ्यापुरतं आण्णाचं निघतं, मग परत जिलबी.

एका कॅसेटवर जोतीराम शिंदे आहे. तोंडाचा फटकळ, रुद्रय्यांचा सगळ्यांत जुना मित्र. तो म्हणतो, "वाटेच्या चालीत मी बोलायचो आन हा रुद्र्या नुसता व्हय म्हणायचा. मी एक ओळ बोलली की ह्याचं, व्हय. दुसरी बोलली, व्हय. चाळीस वरसात एकदा बी न्हाय म्हटला न्हाय गडी."

"मग? आण्णानं दिल्याली जागा व्हती ती," रुद्रय्या म्हणतात.

"जागा कसली? बायकूनं शिकिवलंतं तुला."

मागं भांडं आपटल्याचा आवाज आहे. तो बसव्वाकाकूंचा.

आणि मग जोतीराम म्हणतो, "ती चाल अशी निघायची बघ..." आणि टक. पॉजचं बटण.

प्रत्येक कॅसेटवर ही टक आहे. म्हातारा रंगात येतो, चालीपर्यंत पोचतो, घसा साफ करतो आणि भानावर येतो. घरात न्हाय म्हणायची. त्याच्याआधी रुद्रय्यांचा अंगठा बटणावर गेलेला असायचा. मी एकदा त्यांना डिवचलं, "काका, सगळ्या बँडचा इतिहास भरलाय तुम्ही, फक्त बँड तेवढा राहिलाय."

ते हसले नाहीत. म्हणाले, "कळतंय की मला. ती चाल कुठं लिवल्याली न्हाय. आम्ही चौघं गेलो की संपली."

"मग घ्या की भरून."

"मयत पायजे त्याला, पावणं." आणि माझ्याकडं जरा जास्तच निरखून बघितलं. मी वर निघून आलो.

१९९९ च्या मार्च महिन्यात बाळासो गेला. ड्रमवाला. म्हणजे त्याची जागा मोकळी राहणार होती ती ठेक्याची. ट्रंपेट, क्लॅरोनेट, युफोनियम सगळं वाजणार होतं. चाल पुरी टेपवर यायची ही संधी होती, आणि मित्राच्या मयताला असं मनात आलं म्हणून रुद्रय्या सकाळभर स्वतःवरच चिडलेले. मी तोवर कोडोलीच्या शाळेत मास्तर झालो होतो, एसटीनं येजा करायचो, खोली सोडली नव्हती. म्हटलं, मी रजा टाकतो, टेप मी धरतो. म्हणाले, "नगं. बाहेरच्या माणसाच्या हातात शोभत न्हाय ते." लाल कोटावरून त्यांनी टेपरेकॉर्डर स्वतःच्याच खांद्याला अडकवला, त्यावर क्लॅरोनेट, आणि गेले.

संध्याकाळी मी परत आलो तेव्हा ते टेपसमोर बसले होते. कोट अंगावरच होता. मला बघून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावली. चपलांचा आवाज. कोणीतरी, "जरा सरका की वो." बाळासोच्या लेकीचं रडणं. मग जोतीरामचा खोकला. सुरुवात करायच्या आधी तो नेहमी दोनदा खोकायचा. एक. दोन.

टक.

आणि लगेच जोतीरामचाच आवाज, "साखर घालू नगा वैनी, डाक्टरनं बंद केलीया." मयताहून परत आल्यावर घरात घेतलेला चहा; टेप थांबवायचा म्हणून तिथं पुन्हा पॉज दाबला आणि तो उलट सुरू झाला.

पाच वर्षं चाल सुरू व्हायची वेळ आली की अंगठा पॉजवर जायचा. तो त्या दिवशीही गेला. त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. मधली चाल पुरी वाजली होती, पंचगंगेपर्यंत. टेपला तिचा पत्ता नव्हता.

मला काहीतरी चेष्टा सुचली होती. मी ती गिळली. रुद्रय्या आपल्या अंगठ्याकडं बघत होते, तो दुसऱ्याचा असल्यासारखं.

त्यानंतर त्यांनी जोतीरामचा पिच्छाच धरला. चालीचा बोलणारा भाग एकट्या जोतीरामकडं होता. आकारामला घराबाहेर नेऊन गुणगुणायला सांगितलं तर त्याच्या तोंडून वरातीचं गाणं निघालं. त्याची जागा त्याला फक्त युफोनियम पोटाशी असताना आठवायची. त्यात जोतीरामचे पुढचे दोन दात पडले. ट्रंपेटवाल्याचे पुढचे दात गेले की संपलं. कवळी बसवून वाजवून बघितलं. कवळी ट्रंपेटच्या आधी बाहेर आली.

एका रविवारी रुद्रय्यांनी त्याला पंचगंगेच्या घाटावर नेलं. मलाही बरोबर घेतलं. पलीकडं स्मशानात धूर निघत होता. रुद्रय्यांनी टेप काढला आणि म्हणाले, "जोत्या, हे घर न्हवं. इथं तर म्हण."

"मयत कुठं हाय?"

"त्ये काय, जळतंय की."

जोतीरामनं धुराकडं बघितलं. "कुणाचं?"

"कुणाचं का असंना."

"आपल्याला बोलीवलंय का त्यांनी? वळख न्हाय पाळख न्हाय, आन दुसऱ्याच्या मयतावर आपली चाल उरकून घ्यायची? जंगमाच्या पोटी जलमून असं सुचतंय तुला?"

मी मधे पडलो, "जोतीराममामा, पण चाल जाईल की हो."

"जाऊ द्या की. माणसं जात्यात, चाल गेली तर काय झालं?" मग थोडं नरमून तो रुद्रय्यांना म्हणाला, "तुझ्या मयताला वाजीवतो गड्या. दात असू द्या नसू द्या. तोंडानं म्हणीन. तवा ह्या मास्तरला टेप लावाय सांग."

"आन तू आदी गेलास तर?"

"मी कशाला जातोय? मला साखर बंद हाय."

जोतीराम २००३ च्या श्रावणात गेला. साखरेनंच.

या वेळी टेप माझ्याकडं दिला. बाहेरच्या माणसाच्या हातात शोभतं का, हे विचारण्याची वेळ नव्हती. मयताला बँड म्हणून दोनच माणसं होती, रुद्रय्या आणि आकाराम. ठेक्याला पेठेतल्या तालमीचा कोणी हलगीवाला बोलवू, असं आकाराम म्हणाला. रुद्रय्यांनी मान हलवली. बाळासोची जागा त्यांनी चार वर्षं कोणाला दिली नव्हती. मी त्यांच्या बाजूनं, हात पुढं करून, अंगठा बटणापासून लांब ठेवून चालत होतो. लोक मलाच बघत होते.

अकरा मिनिटं चाल वाजली. अकरा मिनिटं मी ती भरून घेतली. घाटावर पोचल्यावर मी रुद्रय्यांना खुणेनं सांगितलं, आली. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, समाधान झालं.

घरी आल्यावर लावली तेव्हा मला कळलं. युफोनियम खालून एक सूर धरून बसलेलं. मग बराच वेळ काही नाही. चपला, रिक्षाचा हॉर्न. मग क्लॅरोनेटचे दोन-तीन सूर, हळू, खाली उतरत जाणारे. मग पुन्हा काही नाही. पुन्हा तेच दोन-तीन सूर. जोतीरामच्या मयताला जोतीरामची जागा मोकळी सोडायची होती, आणि चाल म्हणजे जोतीरामची जागाच होती.

"काका, तुम्हाला हे आधीच माहीत होतं."

"व्हय."

"मग मला टेप घेऊन कशाला चालवलं?"

"म्हटलं, बघावं. जेवढं हाय तेवढं तर यील." थोड्या वेळानं म्हणाले, "नुसती भोकं आलीती."

मी म्हटलं, चाळीस वर्षं कानांशेजारी वाजलीय ती, तुम्हीच भरा ना ती भोकं. त्यांनी मला हाकलून लावलं. पण पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी, बसव्वाकाकू गडहिंग्लजला माहेरी गेलेल्या असताना, खालून क्लॅरोनेटचा आवाज आला. मी जिन्यात येऊन बसलो. रुद्रय्या नियम मोडत होते. घरात, मयत नसताना, दुसऱ्याची जागा वाजवत होते.

वाजवत होते म्हणजे सुरू करत होते. पहिला सूर जोतीरामचा लागायचा. दुसराही. तिसऱ्याला बोटं खाली उतरायची आणि ते दोन-तीन ओळखीचे सूर यायचे, व्हय. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा व्हय. तासभर हे चाललं. शेवटी त्यांनी क्लॅरोनेट खोलून पेटीत ठेवलं. जिन्यात मी बसलोय हे त्यांना माहीत होतं. तिथूनच म्हणाले, "कानात सगळी हाय, पावणं. जशीच्या तशी. बोटांस्नी ठावं न्हाय."

त्यानंतर ते वर्तमानपत्राबद्दल कधी बोलले नाहीत. कॅसेटी त्यांनी नीट लावून ठेवल्या, तेवीस. प्रत्येकीवर गुळाच्या बारदानावर मार्का मारायच्या निळ्या शाईनं नाव आणि तारीख. बाळासोच्या मयताच्या कॅसेटवर नुसती तारीख. जोतीरामच्या मयताच्या कॅसेटवर तारीखही नाही.

२००६ च्या दिवाळीनंतर रुद्रय्या गेले. आकाराम लकवा होऊन अंथरुणावर होता, त्याला कळवलंसुद्धा नाही. गडहिंग्लजहून भाऊबंद आले. त्यांच्या रीतीनं रुद्रय्यांना बसवून, फुलांनी सजवून नेलं. पुढं पुतण्या शंख फुंकत, घंटा वाजवत चालला. ज्या कामातून पळून ते कोल्हापूरला आले होते, त्याच आवाजात गेले. वर्तमानपत्रात काही आलं नाही. सनईवालासुद्धा नाही.

चौदाव्या दिवशी बसव्वाकाकूंनी मला खाली बोलावलं. टेप पुढ्यात होता.

"मास्तर, ती चाल लावा बघू."

"काकू, तुम्ही ऐकायची नाही ना ती?"

"बँडवाल्याच्या बायकूनं ऐकायची न्हाय. आता कुठं ऱ्हायली मी बँडवाल्याची बायकू? पन्नास वरसं दार लावून चटणी वाटली. काय एवढं वाजवत हुते ते ऐकू तर द्या."

मी नाव-तारीख नसलेली कॅसेट लावली. युफोनियमचा सूर. मग रिकामं. काकू कान देऊन बसल्या. क्लॅरोनेटचे दोन-तीन सूर आले.

"हे हायत?"

"हो. काका."

पुन्हा रिकामं, पुन्हा ते सूर. पुन्हा. काकूंच्या कपाळाला आठी पडली.

"ह्ये कुणाला एवढं व्हय व्हय करायल्यात? घरात तर कवा म्हटलं न्हाय."

"जोतीराममामांना. मधली जागा त्यांची. त्यांच्याच मयताची कॅसेट आहे, म्हणून मोकळी सोडलीय. तसा नियम होता."

"गेल्याली जागा मोकळी सोडायची?"

"हो."

त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. क्लॅरोनेट पुन्हा आलं, उतरलं, थांबलं.

"मग आता ह्यांची बी सोडाय पायजे की," काकू म्हणाल्या.

पुढची ओळ, जोतीरामची, चालू होती. म्हणजे चपला वाजत होत्या, लांबवर एक रिक्षा. ती संपत आली. क्लॅरोनेट यायच्या आत माझा अंगठा पॉजवर गेला.